पाटी आपली, हमी कोणाची?

अकोला-अमरावतीच्या बाजारात पेढीवर नवा माणूस ठेवायचा तर पूर्वी सहसा जाहिरात दिली जात नसे. ओळखीच्या आसामीची चिठ्ठी येई. मुलगा घरोब्यातला आहे, हिशेबाला चोख आहे, एवढाच मजकूर. त्या चिठ्ठीत मुलाइतकीच लिहिणाऱ्याचीही परीक्षा असे, कारण पुढे गल्ल्यात खोट आली तर शेठजींचा पहिला निरोप चिठ्ठी लिहिणाऱ्याकडे जाई. नोकरी देणारा आणि घेणारा यांच्यामध्ये तिसऱ्याची पत उभी असे आणि ती फुकट मिळत नसे.

त्याच घरांतील नातवंडे आता अमरावतीच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयातून किंवा शेगावहून संगणकाची पदवी घेतात आणि पुण्याला, बंगळूरला जातात. काही तर घरच्या माडीवर बसून परदेशातील कंपनीचे काम करतात. ब्लॉकचेन हे अशा कामांचे एक नवे क्षेत्र आहे. जिच्या प्रती एकाच वेळी हजारो ठिकाणी ठेवल्या जातात आणि जिच्यातील नोंद मागाहून खोडता येत नाही, अशी ही वही, असे व्यापाऱ्याच्या भाषेत म्हणता येईल. हे क्षेत्र महाराष्ट्राला परके नाही. पॉलिगॉन हे जगभर वापरले जाणारे जाळे २०१७ मध्ये मुंबईत ‘मॅटिक’ या नावाने सुरू झाले. जयंती कनानी, संदीप नैलवाल आणि अनुराग अर्जुन हे त्याचे संस्थापक. नवे प्रोग्राम आधी चाचणीसाठी ज्या जाळ्यावर चालवून पाहत, त्याचे नाव २०२४ पर्यंत ‘मुंबई’ असेच होते. विदर्भाचाही एक धागा येथे जुळतो. २०२२ च्या मार्चमध्ये गडचिरोली जिल्ह्यातील एटापल्ली येथील सुमारे ६५ हजार जात प्रमाणपत्रांची पडताळणी याच पॉलिगॉनवर आणण्याचे काम राज्य शासनाने हाती घेतले.

अशा प्रत्येक जाळ्याभोवती एक समुदाय असतो. त्यात प्रोग्राम लिहिणारे असतात, त्यावर धंदा उभारणाऱ्या छोट्या कंपन्या असतात, शिकाऊ विद्यार्थी असतात. कंपन्यांना माणसे हवी असतात आणि माणसांना काम. म्हणून समुदायाच्या संकेतस्थळावर जॉब बोर्ड, म्हणजे नोकऱ्यांचा फलक हवा असतो. तो स्वतः बांधणे खर्चाचे, चालवणे त्याहून खर्चाचे. त्यामुळे एखादी कंपनी एकच यंत्रणा बांधते आणि ती अनेक समुदायांना ज्याच्या त्याच्या नावाने, ज्याच्या त्याच्या रंगात पुरवते. सोलाना या जाळ्याचा फलक गेट्रो नावाच्या कंपनीच्या यंत्रणेवर चालत आला आहे. समुदायाने आपल्या पानावर दोन ओळींचा संगणकीय मजकूर चिकटवला की फलक तेथे उमटतो. दर्शनी भिंतीत बसवलेल्या खिडकीसारखा हा प्रकार आहे. भिंत आपली, पण खिडकीतून दिसते ते दुसऱ्याचे गोदाम. या पद्धतीला ‘व्हाइट लेबल’ म्हणतात. डाळ एका मिलची आणि पिशवीवरचे नाव दुसऱ्याचे, हे पाहिलेल्या अकोल्याच्या वाचकाला यात नवल वाटणार नाही.

बँकेच्या जगात मात्र या शब्दाचा अर्थ नेमका उलटा आहे, हे येथे सांगितलेले बरे. रिझर्व्ह बँकेने २०१२ च्या जूनमध्ये व्हाइट लेबल एटीएमची नियमावली काढली आणि पुढच्या वर्षी टाटांच्या कंपनीने ‘इंडिकॅश’ नावाने पहिले यंत्र उभे केले. त्या यंत्रावर कोणत्याच बँकेचे नाव नसते. ज्याचे यंत्र, त्याचीच पाटी. याउलट यंत्र आणि देखभाल ठेकेदाराची पण पाटी बँकेची, अशा एटीएमला ‘ब्राउन लेबल’ म्हणतात. नोकऱ्यांच्या फलकाचा प्रकार हा दुसरा आहे. ब्राउन लेबल एटीएममध्ये नोट अडकली तर ग्राहक ठेकेदाराला शोधत नाही, तो शाखेत येऊन व्यवस्थापकासमोर उभा राहतो. ठेकेदाराचे नावही त्याला ठाऊक नसते.

हीच गोष्ट आपल्या बाजाराने फार पूर्वी शहाजोग हुंडीत बांधून ठेवली होती. या हुंडीचे पैसे कोणालाही मिळत नसत. बाजारात ज्याची पत आहे अशा ‘शहा’मार्फतच ती सादर व्हावी लागे. हुंडी खोटी किंवा चोरीची निघाली तर ती सादर करणाऱ्या शहाने रक्कम व्याजासह परत करावी, असा रिवाज होता. हुंडी त्याने लिहिलेली नसे, माल त्याने घेतलेला नसे. तरी नाव त्याचे लागलेले असे. दुसऱ्याने बांधलेल्या फलकावर आपले नाव लावणारा समुदाय हा असाच शहा असतो. फलक कसा घडवावा, या प्रश्नाची बहुतेक उत्तरे या एका गोष्टीतून निघतात. रंग, अक्षरे आणि मुद्रा यांच्यावरच बहुतेक वेळ खर्च होतो, हे दुर्दैव.

ब्लॉकचेनच्या जगात नावाची जोखीम इतर क्षेत्रांपेक्षा मोठी आहे. २०२२ च्या मार्चमध्ये ‘अ‍ॅक्सी इन्फिनिटी’ या खेळाच्या रोनिन जाळ्यातून त्या वेळच्या भावाने सुमारे ६२ कोटी डॉलरची चोरी झाली. व्यवहाराला संमती देणाऱ्या नऊ किल्ल्यांपैकी पाच चोरांच्या हाती लागल्या होत्या. कुलूप कोणी फोडले नव्हते. कंपनीच्या एका वरिष्ठ अभियंत्याला दुसऱ्या कंपनीतील भरघोस पगाराच्या नोकरीचे आमिष दाखवण्यात आले, मुलाखतींच्या फेऱ्या झाल्या, नियुक्तिपत्राची फाइल आली आणि ती उघडताच हेरगिरीचा प्रोग्राम आत शिरला, असे पुढे प्रसिद्ध झाले. अशी कंपनी मुळात नव्हतीच. अमेरिकेच्या तपास यंत्रणेने या चोरीमागे उत्तर कोरियाशी संबंधित टोळी असल्याचे जाहीर केले. आपल्याकडे २०२५ च्या जुलैमध्ये कॉइनडीसीएक्स या एक्सचेंजमधून सुमारे ४.४ कोटी डॉलर गेले. ते ग्राहकांचे नव्हते, कंपनीचे स्वतःचे होते. बंगळूर पोलिसांच्या तपासातून आलेल्या बातम्यांनुसार वाट पुन्हा तीच होती. अर्धवेळ कामाचे आमिष आणि त्या कामासाठी वापरलेला कचेरीचा लॅपटॉप.

दोन्ही ठिकाणी दरवाजा उघडला तो नोकरीच्या जाहिरातीने. समजा, अकोल्याच्या एखाद्या डाळ मिलवाल्याची मुलगी समुदायाच्या फलकावर अशी जाहिरात पाहते. ब्राउझरच्या पट्टीत पत्ता समुदायाचा, वर मुद्रा ओळखीची. ती अर्ज भरते. तो अर्ज मात्र पुरवठादाराच्या संगणकात जातो आणि तेथून ज्याला कोणी पाहिलेले नाही अशा नियोक्त्याकडे. तिचा विश्वास पाटीवर बसलेला असतो.

म्हणून पहिला प्रश्न तपासणीचा. बँकेत एकाने नोंद करावी आणि दुसऱ्याने ती मंजूर करावी, असा नियम असतो. एकाच माणसाच्या हाती दोन्ही दिले की घोटाळ्याला वाट मिळते. फलकावरही जाहिरात पुरवठादाराने आणावी, पण समुदायाच्या माणसाने मंजूर केल्याखेरीज ती दिसू नये. यंत्रणेत हे बटण सोयीपुरते न ठेवता सक्तीचे असावे. यात पैशाची एक अडचण आहे. जाहिरातीमागे नियोक्त्याकडून शुल्क घ्यायचे आणि त्यातला वाटा समुदायाला द्यायचा, ही नेहमीची रीत. मग जितक्या जाहिराती तितके उत्पन्न, आणि नकार देणाऱ्याच्या खिशाला प्रत्येक नकाराबरोबर चाट. दलालीचा हा दोष बाजाराला नवा नाही. समुदायाचा वाटा वर्षाचा ठोक ठरवला तर नकार देणाऱ्याचा हात थरथरत नाही.

दुसरा प्रश्न अर्जदाराच्या माहितीचा, आणि तो कायद्याचाही आहे. डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी भारताने २०२३ मध्ये कायदा केला. माहिती कशासाठी आणि कशी वापरायची हे जो ठरवतो, त्याला कायद्याने ‘डेटा फिड्युशियरी’ म्हटले आहे. आपण विश्वस्त म्हणू. त्याच्यासाठी प्रत्यक्ष काम करणारा दुसरा असला, दोघांत काही वेगळा करार झालेला असला, तरी जबाबदारी विश्वस्ताचीच राहते. सुरक्षेत कसूर झाल्यास दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. फलकाची बांधणी अशी असावी की अर्ज ठरावीक मुदतीनंतर आपोआप पुसले जातील आणि अर्जदाराने सांगितल्यावर लगेच पुसता येतील. येथे ब्लॉकचेनवाल्यांचा उत्साह आवरावा लागतो. सारेच वहीवर लिहावे, अर्जदाराचा जीवनवृत्तांतही, असा आग्रह काहींचा असतो. ज्या वहीतून खोडता येत नाही तिच्यात मुलीचा पत्ता, फोन आणि मागचा पगार लिहायचा कशाला? एटापल्लीत वापरलेल्या पद्धतीत कागदाचा केवळ संगणकीय ठसा जाळ्यावर जातो. त्यावरून कागद खरा की बनावट हे ताडता येते, कागदातील मजकूर मात्र उलगडत नाही. राज्याच्या कौशल्य विकास मंडळाने २०२१ मध्ये पदविका प्रमाणपत्रांसाठी इथेरियमवर हाच मार्ग धरला होता. फलकाला इतकेच पुरेसे आहे.

याच जोडीला एक नियम निरपवाद ठेवावा. अर्ज करण्यासाठी कोणाकडूनही डिजिटल पाकीट जोडून घेऊ नये, त्याची सही मागू नये. सही कशावर होते हे जाणकारालाही कित्येकदा कळत नाही, आणि एका सहीत पाकीट रिकामे होते. नोकरी मागायला आलेल्याकडे तिजोरीची किल्ली मागण्याचे कारण नाही.

पगाराचा रकाना कोरा सोडण्याची मुभाही नसावी. या क्षेत्रात वेतनाचा काही भाग टोकनमध्ये देण्याची चाल आहे. टोकन हाती आले त्या दिवशीच्या भावाने ते उत्पन्न धरले जाते. पुढे विकून नफा झाला तर १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेला ३० टक्के कर वेगळा, आणि तोटा झाला तर तो दुसऱ्या कोणत्याही उत्पन्नातून वजा करता येत नाही. वीस लाखांचे पॅकेज ऐकून पेढे वाटणाऱ्या घराने त्यातले रुपये किती आणि टोकन किती हे विचारले पाहिजे, आणि फलकाने ते न विचारताच दाखवले पाहिजे. नोकरीच्या स्थैर्याविषयीही भ्रम नको. पॉलिगॉनसारख्या नावाजलेल्या कंपनीनेही २०२३ च्या फेब्रुवारीत सुमारे शंभर, म्हणजे २० टक्के माणसे एका वेळी कमी केली. अशा महिन्यांत फलकावर जुन्या जाहिराती तशाच लटकत राहतात. तीस दिवसांनी जाहिरात आपोआप उतरावी, आणि हवी असल्यास नियोक्त्याने पुन्हा येऊन ती जागा अजून रिकामी आहे असे लिहून द्यावे.

हे सारे वाचून एखाद्या छोट्या समाजसंस्थेला वाटेल की आपल्याला हे झेपणार नाही. खरे तर मोठ्या समुदायापेक्षा छोट्याला ते सोपे आहे. महिन्याला पंधरा-वीस जाहिराती असतील तर अमरावतीला एक आणि अकोल्याला एक अशी दोन माणसे पुरतात. उधारी देण्यापूर्वी समोरच्याचा जीएसटी क्रमांक तपासण्याची सवय व्यापारी घराला आहेच, तीच येथे वापरायची. कंपनी कामकाज मंत्रालयाच्या संकेतस्थळावर कंपनीची नोंदणी कोणालाही पाहता येते, भविष्य निर्वाह निधी संघटनेच्या संकेतस्थळावर आस्थापना शोधता येते. जाहिरातीत दिलेल्या क्रमांकावर फोन करू नये. नोंदणीतून किंवा कंपनीच्या मूळ संकेतस्थळावरून मिळालेल्या क्रमांकावर करावा, आणि ही जागा तुमचीच का, एवढेच विचारावे. फोन कोणी केला, कधी केला, पलीकडे कोण बोलले, याची नोंद वहीत ठेवावी. ही वही कागदाची असली तरी चालेल.

परदेशी संस्थांची अडचण मात्र खरी आहे. इथेरियम आणि सोलाना यांची प्रतिष्ठाने स्वित्झर्लंडमध्ये आहेत, आणि त्यांच्या जाळ्यांवर काम करणाऱ्या कित्येक छोट्या चमूंचा भारतात कोणताच नोंदणी क्रमांक नसतो. अशांना सरसकट नाकारले तर चांगली कामे हातची जातील. त्यांच्याकडून पगार कोणत्या देशातील कोणत्या नोंदलेल्या कंपनीच्या खात्यातून येईल हे लेखी घ्यावे, आणि तेथे आधीपासून काम करणाऱ्या एका तरी भारतीयाशी बोलून घ्यावे. हे दोन्ही मिळाले नाही तर जाहिरात लावू नये, शुल्क कितीही देऊ केले तरी.

तरीही एखादी खोटी जाहिरात निसटून जाईलच. अशा वेळी ती एका फलकावरून उतरवल्याबरोबर त्याच यंत्रणेवरील सर्व समुदायांच्या फलकांवरून त्याच घटकेला उतरावी, ही अट पुरवठादाराच्या करारात आधीच घालून घ्यावी. तोवर ज्यांनी अर्ज केले असतील, त्यांची यादी एका बटणावर निघाली पाहिजे. त्या प्रत्येकाला त्याच दिवशी फोन जावा: आलेली फाइल उघडू नका, उघडली असेल तर संगणकाची जोडणी तोडा, पैसे गेले असतील तर १९३० या क्रमांकावर लगेच तक्रार करा. हा फोन पुरवठादाराच्या कॉल सेंटरमधून जाऊ नये. तो समाजाच्या कार्यालयातून, समाजाच्या नावाने जावा.