स्विचचा आयपी बदलताना आधी परतीची वाट
समजा, अड्याळच्या एका कार्यालयातला सिस्को स्विच तंत्रज्ञ भंडाऱ्यात बसून कमांड लाइनवरून हाताळतो आहे. साध्या स्विचला आयपी पत्ता लागतो तो फक्त व्यवस्थापनासाठी. पत्ता चुकला तरी कार्यालयाचे इंटरनेट चालू राहते. पण तंत्रज्ञाचा संपर्क तुटतो आणि कन्सोल केबल घेऊन अड्याळ गाठावे लागते.

म्हणून आधी ‘रीलोड इन १०’ ही कमांड द्यावी. मगच ‘इंटरफेस व्हीलॅन १’मध्ये पत्ता बदलावा. बदलताच जुने सत्र तुटते. नव्या पत्त्यावर लॉगिन झाले, तर ‘रीलोड कॅन्सल’ आणि शेवटी ‘राइट मेमरी’. नाही झाले, तर १० मिनिटांनी स्विच स्वतःच पुन्हा सुरू होतो. जतन न केलेला बदल पुसला जातो आणि जुना पत्ता परत येतो.