तीस मीटर खोल डाइव्ह करायचीय? तयारी भिसेगावातूनच सुरू करा

मालवणच्या सहलीत एकदा स्कूबा केलं की पुढचा कोर्स करावासा वाटतो. पण दोन्हींत मोठा फरक आहे. सहलीत प्रशिक्षक तुम्हाला धरून असतो. हवा, खोली, वेळ तोच बघतो. कोर्समध्ये ही जबाबदारी तुमच्यावर येते. अशा प्रशिक्षणासाठी एमटीडीसीची संस्था तारकर्लीत आहे.

किती खोल?
'पाडी' या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या 'ओपन वॉटर' कोर्सची मर्यादा १८ मीटर आहे. 'अ‍ॅडव्हान्स्ड'मध्ये ती ३० मीटरवर जाते. त्यात पाच डाइव्ह असतात. खोल डाइव्ह आणि पाण्याखाली दिशा शोधणं सक्तीचं.

मन शांत का हवं?
दर १० मीटरला दाब एका वातावरणाएवढा वाढतो. ३० मीटरवर तो पृष्ठभागाच्या चौपट होतो. म्हणजे वर ६० मिनिटं पुरणारी हवा तिथे जेमतेम १५ मिनिटं पुरते. घाबरून धापा टाकल्या तर त्याहूनही कमी. शिवाय या खोलीवर नायट्रोजनमुळे गुंगी येऊ शकते. मग गेज वाचण्यासारखं साधं कामही चुकतं.

आतापासून काय कराल?
- पावसाळ्यात समुद्रातलं स्कूबा बंद असतं. तेव्हा तलावात न थांबता २०० मीटर पोहणं आणि १० मिनिटं तरंगणं पक्कं करा.
- मैदानात होकायंत्र घ्या. ३० पावलं सरळ चाला, ९० अंशांत वळा. चार वळणांनी मूळ जागी पोचता का, बघा.
- हातवारे पाठ करा. अंगठा वर म्हणजे 'छान' नव्हे, 'वर चला'.
- रोज पाच मिनिटं सावकाश, लांब श्वास सोडण्याचा सराव करा. सिलिंडर लावल्यावर श्वास कधीच रोखायचा नाही. वर येताना फुफ्फुसाला इजा होऊ शकते.

हे टाळा
उल्हास नदीत किंवा धबधब्याखाली एकट्याने दम धरण्याचा सराव करू नका. पाण्यात शुद्ध हरपली तर वाचवायला कुणी नसतं. दमा, हृदयविकार किंवा कानाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा.

परतीचा बेतही आधी ठरवा. अनेक डाइव्हनंतर किमान १८ तास विमानप्रवास करत नाहीत. उंचीवर हवेचा दाब कमी होतो, म्हणून घाटरस्त्याने परतायचं किंवा लगेच माथेरान गाठायचं असेल तर प्रशिक्षकाला विचारूनच निघा.