क्रमांक आला, शिस्त कोठे?

पेणचे गणेशविसर्जन असो वा रोह्याच्या धावीर महाराजांची पालखी, गर्दीच्या माथ्यावर हौशी ड्रोनने घिरट्या घालाव्यात, यात आता नवल उरलेले नाही. २०२१ च्या नियमांनी ड्रोनला नोंदणी व ओळख क्रमांक लावला. नियमभंगास एक लाख रुपयांपर्यंत दंड ठेवला. परंतु दोन किलोपर्यंतचे यंत्र केवळ हौसेखातर उडविणाऱ्यास परवान्याची अट नाही. पूर्वी नगरपालिका सायकलीला बिल्ला देत; त्याने धडक टळत नसे. अपघातानंतर मालक सापडतो, हा लाभ खरा. पण ती सुरक्षितता नव्हे. धाटावच्या रासायनिक कारखान्यांशेजारी तर नव्हेच! सरकारने यंत्राच्या क्रमांकाबरोबर उडविणाऱ्याची परीक्षाही घ्यावी; अन्यथा नोंदवही भरेल, धोका मात्र तसाच राहील.