त्रिकोणांचे हिशेबनीस

वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे, मद्रासेजवळ १८०२ साली मोजलेल्या पायारेषेवर त्रिकोणामागून त्रिकोण रचीत उत्तरेकडे सरकलेला वृद्ध भूमापक विल्यम लॅम्टन १८२३ च्या जानेवारीत निवर्तला. दुर्बिणीतून कोन पाहणाऱ्या अशा साहेबांची थोरवी पुष्कळ गाइली गेली. परंतु त्या कोनांवरून अंतरे, अक्षांश आणि उंची काढणारी जी मंडळी दप्तरात आकड्यांशी झुंजत असत, त्यांची आठवण क्वचितच कोणी काढतो.

हे काम साधे नव्हते. पृथ्वी गोल असल्यामुळे मोठ्या त्रिकोणातील कोनांची बेरीज १८० अंशांहून किंचित अधिक भरते. ते आधिक्य आधी वजा करायचे, मग लॉगरिथमच्या सारण्यांतून प्रत्येक गुणाकाराची बेरीज आणि भागाकाराची वजाबाकी करीत एका बाजूवरून दुसरी काढायची, आणि शेकडो मैलांनंतर नवी पायारेषा जमिनीवर प्रत्यक्ष मोजून गणिताने आलेल्या लांबीशी ती ताडून पाहायची. मधल्या एखाद्या त्रिकोणातील एका अंकाची चूक पुढच्या साऱ्या साखळीत उतरत जाई.

लॅम्टननंतर त्रिकोणमितीय भूमापन खात्याची धुरा वाहणाऱ्या जॉर्ज एव्हरेस्टला गोलीय त्रिकोणमिती जाणणारा तरुण हवा होता. कलकत्त्याच्या हिंदू कॉलेजातील टायटलर नामक अध्यापकाच्या शिफारशीवरून राधानाथ सिकदार हा विद्यार्थी १८३१ साली दरमहा ३० रुपयांवर ‘कॉम्प्युटर’ या हुद्द्यावर रुजू झाला आणि पुढे खात्याचा मुख्य कॉम्प्युटर बनला. शंभराहून अधिक मैलांवरच्या सहा ठिकाणांहून पाहिलेल्या पंधराव्या शिखराची, म्हणजे आजच्या माउंट एव्हरेस्टची, उंची, प्रकाशकिरणांचे हवेत होणारे वक्रीभवन हिशेबात धरून, २९,००२ फूट ठरली आणि १८५६ साली जाहीर झाली. या गणितात सिकदारांचा नेमका वाटा किती, यावर वाद आहेत. पण २०२० मध्ये चीन व नेपाळने जाहीर केलेल्या ८,८४८.८६ मीटर या उंचीशी त्या कागदी हिशेबाचे अंतर सुमारे ३० फूटच भरते, हे मात्र निर्विवाद होय.

आपल्याकडे केरो लक्ष्मण छत्रे यांनी १८६० साली ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ सिद्ध केली, ती याच जातीच्या चिकाटीने. आणि ग्रंथावर नाव त्यांचेच राहिले. सिकदारांना ते भाग्य लाभले नाही. १८५१ च्या सरकारी भूमापन-ग्रंथाच्या प्रस्तावनेत त्यांनी लिहिलेल्या गणिती भागाचे ऋण मान्य केलेले होते. त्यांच्या निधनानंतर पाच वर्षांनी, १८७५ साली, निघालेल्या आवृत्तीत मजकूर राहिला आणि नाव गळाले. याला चौर्यावाचून दुसरा शब्द नाही.