कायद्याचे वय आणि कोयत्याचे वय

मुलींच्या विवाहाचे किमान वय १८ वरून २१ करणारे विधेयक २०२१ च्या डिसेंबर महिन्यात लोकसभेत मांडले गेले, स्थायी समितीकडे गेले आणि २०२४ मध्ये सतरावी लोकसभा विसर्जित झाली तेव्हा तिच्याबरोबरच लयाला गेले. त्याच्या जाण्याचे दुःख फारसे कोणाला झाले, असे दिसले नाही. त्या निमित्ताने झालेली चर्चा मात्र उद्बोधक होती. अठरा की एकवीस, या एकाच प्रश्नाभोवती ती फिरत राहिली. विवाहाचे वय म्हणजे एक आकडा आहे आणि तो राजपत्रात छापला की समाज त्याप्रमाणे चालू लागतो, असे उभय पक्षांनी जणू गृहीत धरले होते. प्रत्यक्षात माणसे कोणत्या वयात लग्न करतात आणि ते वय त्यांच्यासाठी कोण ठरविते, हा प्रश्न महाराष्ट्राला निदान १४० वर्षांपासून परिचित आहे. आणि तो न्यायासनापुढे प्रथम आला तेव्हा त्याचे स्वरूप आकड्याचे नव्हते.

१८८४ साली दादाजी भिकाजी यांनी आपली पत्नी रखमाबाई हिने नांदावयास यावे, म्हणून मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला. रखमाबाईंचे लग्न अकराव्या वर्षी झाले होते. पतीच्या घरी त्या कधी राहिल्या नव्हत्या. संमती म्हणजे काय हेच कळत नाही अशा वयात लागलेले लग्न सज्ञान झालेल्या स्त्रीवर बळाने का लादावे, हा त्यांच्या बाजूचा मुद्दा होता. न्यायमूर्ती पिन्ही यांनी १८८५ मध्ये दावा फेटाळला. अपिलात तो निर्णय फिरला आणि १८८७ च्या मार्चमध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी, पतीकडे जा अथवा सहा महिने कारावास भोगा, असा पर्याय त्यांच्यापुढे ठेवला. रखमाबाईंनी कारावासाची तयारी दर्शविली. अखेरीस १८८८ मध्ये पैसे घेऊन दादाजींनी तडजोड केली, रखमाबाई विलायतेस गेल्या, डॉक्टर होऊन परतल्या आणि सुरत व राजकोट येथे त्यांनी दीर्घकाळ रुग्णसेवा केली. त्या जिंकल्या की हरल्या, हे सांगणे कठीण आहे. त्यांचा प्रश्न मात्र तिथेच राहिला आणि त्याच्या जागी दुसराच प्रश्न येऊन बसला.

तो दुसरा प्रश्न १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याचा. कलकत्त्याच्या फुलमणी दासी या दहा-अकरा वर्षांच्या विवाहितेचा १८९० साली पतीच्या संगाने मृत्यू झाला आणि संमतिवय दहाचे बारा करण्याचे विधेयक आले. पुण्यात त्यावरून केवढे रण माजले, हे सर्वश्रुत आहे. टिळक विरोधात, आगरकर बाजूला, आणि भांडारकरांसारखे पंडित शास्त्रार्थाच्या आधारे विधेयकाचे समर्थन करीत होते. या वादाची एक बाजू सहसा सांगितली जात नाही. मुलींचे सोळा आणि मुलांचे वीस वर्षांच्या आत लग्न करू नये, ही सूचना १८९० मध्ये खुद्द टिळकांनीच केली होती; ती समाजाने स्वेच्छेने पाळावी, परक्या सरकारने कायद्याने लादू नये, एवढाच त्यांचा आग्रह. म्हणजे आकड्याविषयी मतभेद दिसतो तेवढा नव्हताच. वाद होता तो आकडा ठरविण्याचा अधिकार कोणाचा, शास्त्राचा, समाजाचा की सरकारचा, याविषयी. मुलीचा अधिकार या यादीत नव्हता. सुधारकांचेही घर याला अपवाद नव्हते. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७३ मध्ये वडिलांच्या इच्छेपुढे मान तुकवून दुसरा विवाह केला तेव्हा ते एकतीस वर्षांचे होते आणि रमाबाई अकरा वर्षांच्या.

यानंतरचा इतिहास आकड्यांच्या चढणीचा आहे. हरबिलास सारडा यांचा कायदा १९२९ च्या सप्टेंबरात संमत झाला. त्याने मुलीचे वय चौदा आणि मुलाचे अठरा ठरविले. (देवलांच्या ‘शारदा’ नाटकाची पुण्याई एवढी मोठी की मराठी माणसाच्या तोंडी तो ‘शारदा कायदा’ होऊन बसला.) कायद्याचा अंमल १ एप्रिल १९३० पासून व्हावयाचा होता. मधले सहा महिने देशभर लग्नांची अशी झुंबड उडाली की १९३१ च्या जनगणनेत लहान वयाच्या विवाहितांची संख्या चक्क वाढलेली आढळली. बालविवाह रोखण्यासाठी केलेल्या कायद्याचे पहिले फळ म्हणजे बालविवाहांचा महापूर. पुढे १९४९ मध्ये मुलीचे वय पंधरा झाले, १९७८ मध्ये अठरा आणि मुलाचे एकवीस झाले. गंमत अशी की विवाहाचे वय अठरावर गेले तरी दंडसंहितेतील एका अपवादाने पंधरा वर्षांवरील पत्नीच्या बाबतीत पतीला दिलेले अभय तसेच राहिले. १९४९ मधला तो पंधराचा आकडा सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये अठरावर नेला. एकोणचाळीस वर्षे कायदा एका हाताने लग्नाला मनाई करीत होता आणि दुसऱ्या हाताने नवऱ्याला पाठीशी घालीत होता.

आता या चढणीच्या शेजारी प्रत्यक्ष जीवनातील आकडे ठेवून पाहावेत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार २००५-०६ मध्ये, म्हणजे अठराचा कायदा होऊन सत्तावीस वर्षे लोटल्यावर, वीस ते चोवीस वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी ४७ टक्क्यांहून अधिक जणींचे लग्न अठराच्या आत झालेले होते. कायद्याचा एवढा उघड आणि एवढा सार्वत्रिक भंग क्वचितच आढळेल. २०१९-२१ च्या पाहणीत हेच प्रमाण २३.३ टक्क्यांवर आले. या पंधरा वर्षांत दंडाच्या तरतुदी २००६ च्या कायद्याने कडक झाल्या हे खरे, पण किमान वयाचा आकडा तसूभरही हलला नव्हता. हलली ती शाळा. त्याच पाहणीप्रमाणे, मुळीच न शिकलेल्या स्त्रियांचे विवाहाचे मध्यम वय सतराच्या आसपास येते आणि बारावी वा त्यापुढे शिकलेल्यांचे बावीस-तेवीसच्या घरात. जे अंतर संसदेला चार पिढ्यांत तोडता आले नाही ते बारा इयत्तांनी तोडले. पुण्या-मुंबईच्या पांढरपेशा घरांनी हा अनुभव फार पूर्वी घेतला आहे. तिथे मुली शाळा-कॉलेजात जाऊ लागल्या, मुलाला नोकरी आणि बिऱ्हाडाला जागा मिळेपर्यंत लग्न थांबू लागले आणि वय आपोआप वर गेले. त्यासाठी कोणी पोलीस बोलाविले नव्हते.

मात्र राज्याची सरासरी ही फसवी गोष्ट आहे. महाराष्ट्राचे प्रमाण २१.९ टक्के असले तरी परभणी जिल्ह्यात ते ४८ आणि बीडमध्ये ४३ टक्क्यांच्या वर आहे. मराठवाड्यातील माणसे महाराष्ट्रातील इतरांपेक्षा अधिक सनातनी आहेत, असे कोणी म्हणणार नाही. तिथे वय ठरविणारी सत्ता वेगळी आहे. तिचे नाव कोयता.

ऊसतोडीच्या व्यवहारात कोयता म्हणजे एक हत्यार नव्हे, एक जोडपे. नवरा ऊस तोडतो, बायको मोळ्या बांधते आणि डोक्यावरून गाडीपर्यंत वाहते. मुकादम हंगामापूर्वी उचल देतो ती या जोडीला. एकट्या माणसाचा हिशेब अर्ध्या कोयत्याचा. अर्थातच कोरडवाहू रानावर भागत नाही अशा घरातील मुलगा जाणता झाला की त्याचे लग्न ही भावनेची बाब राहत नाही. घरात एक पूर्ण कोयता आणि एक नवी उचल येण्याची ती बाब होते. मुलीच्या घरी हाच हिशेब उलट बाजूने मांडला जातो. दिवाळीच्या सुमारास आईबाप सांगली, कोल्हापूर, पुणे किंवा थेट कर्नाटकातील कारखान्यांच्या फडांवर जातात ते चैत्राच्या तोंडाशी परततात. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीने हे सहा महिने कोठे राहावे? गावी थकलेल्या आजीजवळ ठेवावे तर जीव टांगणीला. बरोबर न्यावे तर फडाशेजारची कोपी, तिला दार नाही, आडोसा नाही, आणि शाळा तर बुडालीच. तिसरा मार्ग लग्नाचा. तो निर्दय आहे, पण अविचारी नाही. बापाने त्याचा विचार रात्र रात्र केलेला असतो. २०२० च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा हा तिसरा मार्ग अधिकच सोपा झाला. चार माणसांत उरकलेल्या लग्नाला खर्च थोडा आणि बोभाटाही थोडा. या लवकर झालेल्या लग्नाच्या पोटी लवकर आलेली बाळंतपणे आणि पाठोपाठ अतिश्रम. बीडच्या ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा विषय २०१९ मध्ये विधिमंडळापर्यंत पोहोचला, तो या साखळीचा पुढचा दुवा होता.

चौदा वर्षे हे वय इथे योगायोगाने आलेले नाही. शिक्षणहक्काचा २००९ चा कायदा सहा ते चौदा या वयाला लागू आहे. आठवीपर्यंत शासनाचे दायित्व. विवाहाची मनाई मात्र अठरापर्यंत. मधली चार वर्षे मुलगी कोणाची, याचे उत्तर कोणत्याच कायद्यात नाही. लहान गावातील शाळा सातवी-आठवीला संपते, हायस्कूल पाच-सात कोसांवर. विद्यार्थिनींना एस.टी.चा मोफत पास आहे, पण पास म्हणजे एस.टी. नव्हे, संध्याकाळची फेरी रद्द झाली की मुलगी फाट्यावर उभी, आणि असे दोनदा घडले की तिसऱ्या दिवशी तिचे दप्तर खुंटीला लागते. नववीच्या हजेरीपटावर सलग गैरहजेरी दिसू लागते तेव्हा तिचे कारण वर्गशिक्षकाला बहुधा ठाऊक असते. गावपातळीवर बालविवाह रोखण्याची जबाबदारी शासनाने ज्या ग्रामसेवकाच्या गळ्यात अडकविली त्यालाही ते ठाऊक असते. पण लग्न थांबवावयास जाणाऱ्या त्या कर्मचाऱ्यापाशी वधुपित्याला देण्यासारखे काय असते? एक नोटीस. वसतिगृहातील एक जागा त्याच्या हाती असती तर गोष्ट निराळी झाली असती.

याच गावांत दुसरे एक दृश्य दिसते. पस्तिशी गाठलेले अविवाहित पुरुष. २०२२ च्या डिसेंबरात सोलापुरात अशा तरुणांनी मुंडावळ्या बांधून, घोड्यावर बसून जिल्हाधिकारी कचेरीवर मोर्चा काढला. वृत्तपत्रांना छायाचित्र झकास मिळाले आणि शहरी वाचकाची करमणूक झाली. त्यांच्या निवेदनात गर्भलिंगनिदान-प्रतिबंधक कायद्याच्या कडक अंमलबजावणीची मागणी होती, याकडे थोड्यांचे लक्ष गेले. २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांखालील दर हजार मुलग्यांमागे मुली होत्या अवघ्या ८०७. ती बालके आता लग्नाच्या वयात येत आहेत. जिथे मुली कमी तिथे त्यांचे मोल वाढेल, त्या आपल्या मर्जीने थांबतील, असे अर्थशास्त्राचे पुस्तक सांगेल. गावात घडते ते विपरीत. थोराड वराकडील मंडळी खर्चासह लग्न करून नेण्यास तयार होऊन लवकर दारात येतात आणि गरीब बापाला नाही म्हणणे अधिकच अवघड जाते.

पुरुषांच्या थांबण्यालाही निवड म्हणणे धाडसाचे ठरेल. पुण्याच्या पेठांतील अभ्यासिकांत स्पर्धापरीक्षेची तयारी करणारे हजारो तरुण तिशी ओलांडतात. राज्यसेवेसाठी खुल्या प्रवर्गाची वयोमर्यादाच अडतीस वर्षांची आहे. परीक्षा लांबते, निकाल लांबतो, नियुक्ती लांबते, आणि नोकरी नाही तोवर मुलगी कोण देणार? शेती असलेल्या पदवीधराची अवस्था याहून वाईट, कारण स्वतः शेतकरी असलेला बापही जावई शेतकरी नको म्हणतो. त्या बापाला दोष देता येत नाही. शेतीचा हिशेब त्याला इतरांपेक्षा अधिक चांगला कळतो. सोळाव्या वर्षी लग्न झालेली मुलगी आणि छत्तिसाव्या वर्षी न झालेला मुलगा यांच्यातले साम्य हे की दोघांनाही वय निवडता आलेले नाही.

आणि जेव्हा ते खरोखर निवडले जाते तेव्हा काय होते? अठराच्या उंबरठ्यावरील मुलगी आपल्या मनाने, बहुधा जातीबाहेर, लग्न करते त्या वेळी इतके दिवस निद्रिस्त असलेला कायदा खडबडून जागा होतो. मुलीचा जन्मदाखला घेऊन बापच ठाण्यात हजर होतो, आणि ज्या समाजाला पंधराव्या वर्षीचे ठरवून केलेले लग्न खटकत नाही त्याला साडेसतराव्या वर्षीचे प्रेम गुन्हा वाटू लागते. वय एकवीस केल्याने अशा मुलींवरची ही टांगती तलवार आणखी तीन वर्षे लांबली असती, हा त्या विधेयकावरील सर्वांत गंभीर आक्षेप होता. मतदानाला अठरा, करार करावयास अठरा, मग जोडीदार निवडण्यासच एकवीस का, याचे समाधानकारक उत्तर मिळाले नाही. स्त्रीपुरुषांचे वय समान असावे ही भूमिका रास्तच आहे. पण ती समानता पुरुषाचे वय अठरावर आणूनही साधते, आणि विधी आयोगाने २००८ च्या आपल्या अहवालात शिफारस केली होती ती नेमकी हीच.

रखमाबाईंच्या मूळ प्रश्नाला २००६ च्या कायद्यात एक उत्तर आहे, हे मात्र नमूद केले पाहिजे. अल्पवयात ज्याचे वा जिचे लग्न झाले असेल त्या व्यक्तीला सज्ञान झाल्यापासून दोन वर्षांच्या आत अर्ज करून ते रद्द करवून घेता येते. लग्नात दिलेले दागदागिने व पैसे परत करण्याचा आणि मुलीच्या पोटगीचा आदेशही न्यायालय देऊ शकते. १८८७ मध्ये या देशातील एका स्त्रीला जे नाकारले गेले ते कागदावर आज प्रत्येक मुलीला उपलब्ध आहे. पण सोळाव्या वर्षी बोहल्यावर चढलेल्या मुलीच्या कडेवर अठराव्या वर्षी मूल असते, माहेरी पाठच्या बहिणीचे लग्न व्हावयाचे असते आणि सासरची उचल तिच्या नावावरही असते. अर्ज करावयाचा तो जिल्हा न्यायालयात. कायद्याने दिलेल्या त्या दोन वर्षांत ऊसतोडीचे दोन हंगाम येतात; म्हणजे त्यातले एक वर्ष तर ती जिल्ह्यातच नसते.