तलवारीच्या खेळात नवखे

मंडळी, कार्डिफचा पाऊस म्हणजे घरात बसणं आलंच! पुण्याहून शिकायला आलेला आमचा भाचा महिनाभर गप्प गप्पच होता. एका शनिवारी आमच्या चिरंजीवांनी त्याला 'सोलकॅलिबर सहा' खेळायला बसवलं. आम्हाला शंका, पहिला 'सोलकॅलिबर' १९९८ सालचा. मधूनच शिरणाऱ्याला काय कळणार?

पण २०१८ च्या या भागात कथा पुन्हा पहिल्यापासून, सोळाव्या शतकातून सांगितली आहे. मागचं ठाऊक नसलं तरी अडत नाही. वार मुख्यतः तीन: आडवा, उभा आणि लाथ. उभा वार बाजूला सरकून चुकवता येतो. सरकणाऱ्याला आडवा वार गाठतो. चौथऱ्याबाहेर पडलात तर कितीही ताकद उरलेली असो, फेरी गेली! इंटरनेटवरच्या मुरलेल्या खेळाडूंशी मात्र पहिल्याच दिवशी भिडू नये.

व्होल्डो नावाच्या योद्ध्याच्या हातात आपली कट्यार दिसली आणि भाच्याची कळी खुलली. दांडपट्टा, वाघनखं... रात्री अकरापर्यंत बोलत होता!

तेव्हा डब्यावरचा वयाचा शिक्का पाहून मोठ्या मुलांना खुशाल खेळू द्या. फक्त नवख्याशेजारी घरचं कुणीतरी बसावं. आम्हीही इथे कधीकाळी नवखेच होतो की!