मक्यावरचा करपा : डाग दिसेपर्यंत बुरशी आत मुरलेली असते



"काल पान हिरवं होतं, आज डाग कुठून आला?" असं बरेच जण विचारतात. खरं तर तो डाग १-२ आठवड्यांपूर्वीच सुरू झालेला असतो.

*पानात काय घडतं?*
टर्सिकम करप्याची बुरशी मागच्या मक्याच्या धसकटांवर टिकून राहते. वाऱ्याने तिचे बीजाणू पानावर पडतात. पान ६ ते १८ तास ओलं आणि हवा १८ ते २७ अंश असली की बीजाणू रुजतो. त्याचा कोंब पानाला चिकटतो आणि वरचा मेणाचा थर भेदून आत घुसतो. आत बुरशी एन्झाइम सोडते. पेशीची भिंत सेल्युलोजची असते, ती एन्झाइमने विरघळते. पुढे बुरशीचे धागे पाणी वाहणाऱ्या शिरांत शिरतात. शिरा तुंबतात, बुरशीच्या विषाने भोवतालच्या पेशी मरतात. मग दिसतो दोन्ही टोकांना निमुळता, लांबट राखाडी डाग.

काही वाणांत एचटीएन नावाचा जनुक असतो. त्यापासून बनणारं प्रथिन पेशीच्या भिंतीपाशी पहारा देतं. रोग पूर्ण थांबत नाही, पण डाग उशिरा येतात. म्हणून बियाणं घेताना करपा सहनशील वाण मागा.

*औषध कुठे काम करतं?*
मॅन्कोझेब पानाच्या वरच राहतं आणि बीजाणू रुजू देत नाही. आत शिरलेल्या बुरशीपर्यंत ते पोचत नाही. ॲझॉक्सिस्ट्रोबिन + डायफेनोकोनॅझोल पानात शिरतं. पहिलं बुरशीची ऊर्जा तोडतं, दुसरं तिच्या पेशीचं आवरण बनू देत नाही. पण मेलेला भाग कशानेही परत हिरवा होत नाही.

*काय करायचं?*
✅ तुरा येण्याआधीपासून आठवड्यातून दोनदा खालची पानं बघा. ढगाळ हवा, दव असेल तर जास्त लक्ष द्या.
✅ पहिले डाग दिसताच मॅन्कोझेब ७५ डब्ल्यूपी, २५ ग्रॅम १० लिटर पाण्यात.
✅ डाग वर सरकत असतील तर ॲझॉक्सिस्ट्रोबिन १८.२ + डायफेनोकोनॅझोल ११.४ एससी, १० मिली १० लिटर पाण्यात.
✅ वैरण जनावरांना घालण्याआधी लेबलवरचे दिवस पाळा.
✅ काढणीनंतर धसकटं खोल गाडा, मक्यावर मका घेऊ नका.

कणसाजवळचं पान आणि त्यावरची पानं दाणे भरतात. करपा तिथे पोचण्याआधी फवारणी झाली तरच पैसे वसूल. शंका असेल तर पानाचा फोटो आणि पेरणीची तारीख पाठवा.